बाबा लिस्बनला जेवायला आले होते

"ऊठ," बाबा म्हणाले.

त्यांच्या ताटलीत निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा जवळजवळ जसाच्या तसा पडला होता. पोटाकडचा एक तुकडा तेवढा गेला होता. काटा-सुरी ताटलीच्या कडेला, रुमालाची घडी बाजूला, आणि बाबा खुर्ची मागे सारून निम्मे उभे.

"काय झालं?"

"खारट आहे."

मी हात लांब करून त्यांच्या माशाचा तुकडा तोडला आणि खाल्ला. मासा त्याच पहाटे समुद्रातून आलेला असावा इतका ताजा होता. वर ऑलिव्हचं तेल, लसूण आणि जाडं मीठ. मीठ बेताचंच होतं.

"खारट नाहीये, बाबा."

"तुला काय कळतंय. इतकी वर्षं इथे राहून जिभेची पार वाट लावून घेतलीस. चल, दुसरीकडे बघू."

"आपण आत्ताच दुसरीकडून आलो ना?"

"मग तिसरीकडे."

वेटर दारापर्यंत आमच्या मागे आला. पन्नाशीचा माणूस, पांढरा एप्रन, चेहरा पडलेला. काही चुकलं का, असं त्याने मला हळूच विचारलं. वडलांचं पोट बरं नाही, असं मी पोर्तुगीजमध्ये सांगितलं. ही थाप मी त्या आठवड्यात लिस्बनच्या निम्म्या गल्ल्यांतून मारत फिरले होते. वेटरशी बोलून मागे वळले तोवर बाबा दगडी चढावर बरेच पुढे गेले होते. वाट माहीत नसलेल्या शहरातही ते पुढेच चालायचे.

माझे वडील, जयराम परुळेकर, कुडाळच्या कोर्टात वकिली करायचे. तालुक्यात दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव होतं. एक, उलटतपासणी. दुसरी, खाणं. मालवणी माणूस माशासाठी जीव टाकतो यात नवल नाही, पण बाबा बाजारातसुद्धा साक्षीदार उभा केल्यासारखे उभे राहायचे. "ह्यो बांगडो कदी इलो? कोणाच्या होडयेतसून?" कोळीण अडखळली की पुढच्या पाटीकडे. घरी जेवायला बसले की मात्र एकदम गप्प. त्यांचं जेवण चाललं असताना आम्ही मुलांनी बोललेलं त्यांना चालत नसे.

मी तेव्हा लिस्बनच्या विद्यापीठात समुद्री शेवाळावर संशोधन करत होते. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. त्या जूनमध्ये आई-बाबा दोघंही माझ्याकडे येणार होते. व्हिसा झाले, तिकिटं निघाली. मग एक दिवस आईचा फोन आला, यंदा राहू दे, बाबांचं काम निघालंय. कसलं काम ते तिने सांगितलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांचा फोन.

"मी एकटाच येतोय. पावसात दर्यावर बंदी. सुके बांगडे खाऊन कंटाळलो. तुझ्याकडे ताजं मिळतं म्हणतेस तर जेवायला येतो. चांगली हॉटेलं शोधून ठेव."

"आणि कोर्ट? आता सुरू झालं असेल ना?"

"ज्युनिअर बघतोय."

बाबांनी आपली केस ज्युनिअरवर सोडल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा त्याचं एकच कारण मला दिसत होतं. ते कारण त्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होतं.

नुनो शाळेत गणित शिकवायचा. आम्ही एकत्र राहत होतो आणि घरी हे कोणालाही माहीत नव्हतं, असा माझा समज होता. बाबा येण्याच्या आदल्या दिवशी मी त्याची पुस्तकं, बूट, सायकल सगळं त्याच्या बहिणीकडे पोचवलं. तो चिडला नाही. उलट जाताना त्याने माझ्याकडून शहराचा नकाशाच तोंडपाठ करून घेतला. मासे कुठे, डुक्कर कुठे, सोमवारी कोणती खानावळ बंद असते, कुठे पर्यटकांना शिळं खपवतात. "माणूस जेवायला एवढ्या लांब येतोय," तो म्हणाला, "त्याला वाईट जेवण मिळालं तर ती आमची नामुष्की."

आणि बाबा प्रत्येक ठिकाणाहून उठत होते.

एका ठिकाणी सूप फार गरम होतं. दुसऱ्या ठिकाणी पाव कडक. वाळवलेल्या कॉड माशाचं बटाटा-अंडं घालून केलेलं सुकं, जे खाताना मी स्वतः पहिल्यांदा गप्प झाले होते, त्याला ते तेलकट म्हणाले. आल्फामा या जुन्या वस्तीत त्या दिवसांत संत अंतोनीची जत्रा असते. गल्लीगल्लीत चुली मांडून सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात, लोक पावाच्या तुकड्यावर मासा ठेवून उभ्यानेच खातात. सार्डिन म्हणजे आमचे पेडवेच, थोडे दांडगे. मला वाटलं, इथे तरी. बाबांनी एक हातात घेतला, वास घेतला, डोळे मिटले. एक घास खाल्ला आणि बाकीचा पावासकट मला दिला.

"काटे फार."

पेडव्याचं डोकंसुद्धा चावून खाणारा माणूस.

"बाबा, तुम्हाला नक्की काय खायचंय ते तरी सांगा."

"चांगलं काहीतरी."

"हे चांगलं नाही?"

"असेल. चल पुढे."

त्या चढउतारांवर मी त्यांच्या मागून चालत राहिले. ते खिडकीतून आत डोकवायचे, लोकांच्या ताटल्या बघायचे, दारावरच्या पाटीवरचे पदार्थ मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि एखाद्या नावाला एकदम म्हणायचे, "हां, हे बघू." तेवढ्यापुरता चेहरा उजळायचा. आत जाऊन बसलो की पाच-दहा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. मला काम होतं, प्रयोगशाळेत माझी शेवाळाची भांडी वाट बघत होती, आणि मी एका साठी उलटलेल्या माणसामागे हॉटेलं बदलत हिंडत होते. घरी आल्यावर ते दूध पिऊन झोपायचे. गार दूध. मी ते पाहत होते आणि त्यातून काही काढत नव्हते. तंबाखूची डबीही त्यांच्या खिशात नव्हती. ती दिसली नाही म्हणून मी खुशीने विचारलं होतं, "सोडली वाटतं?" तर "सोडली" एवढंच म्हणाले होते.

माझं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. ते नुनोबद्दल कधी विचारतात, याकडे. ते विचारत नव्हते, म्हणून मी आणखीच अस्वस्थ होते. बाबा साक्षीदाराला आधी हवं तिथे फिरू देतात आणि मग गाठतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या माशाच्या दिवशी, म्हणजे खारट म्हणून सोडलेल्या, आम्ही घरी परतलो आणि बाबा आंघोळीला गेले असताना आईचा फोन आला.

"काही बोलले का गो ते?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे नाही बोलले."

"आई, तुम्हाला दोघांना काय माहीत आहे?"

"मी काही सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. तूच विचार त्यांना. नीट विचार. आणि निवू, वेळ काढू नकोस."

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. समजलं तर समजलं. आता मीच सांगून मोकळी होते.

मी नुनोला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडच्या गावात, तिथल्या धक्क्यावर भेटायचं ठरलं. तिथे त्याच्या ओळखीची एक खानावळ होती.

तेझू नदी लिस्बनपाशी इतकी रुंद होते की तिला खाडी म्हणावं. पलीकडे जायला फेरीबोट. बाबा बोटीत शिरल्यापासून एका जागी बसले नाहीत. या खिडकीपाशी, त्या खिडकीपाशी. शेवटी मागच्या कठड्याला टेकून उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या शेजारी गेले.

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"मी घरात एकटी राहत नाही."

ते पाण्याकडेच बघत होते. "माहीत आहे."

"आईने सांगितलं?"

"न्हाणीघरातल्या कपाटात दाढीचा ब्रश आहे. तू दाढी करतेस?"

सगळं सामान पोचवताना तेवढं राहून गेलं होतं. मला हसूही येईना.

"नाव काय त्याचं?"

"नुनो. शाळेत गणित शिकवतो."

"खाण्यात रस आहे, की नुसतं पोट भरतो?"

"तुम्ही जिथून जिथून उठलात ती सगळी ठिकाणं त्यानेच सांगितली होती."

बाबा किंचित हसले. "मग माझ्याबद्दल त्याचं मत बरं नसणार."

"तुम्ही त्यासाठी आला नाहीत?"

"त्यासाठी विमानात कशाला बसू? फोनवर ओरडलो असतो."

"मग कशासाठी आलात?"

"जेवायला. किती वेळा सांगू तुला?" आणि ते कठडा सोडून बोटीच्या दुसऱ्या बाजूला निघून गेले.

नुनो धक्क्यावर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. इतका जपून उभा होता की मला त्याची दया आली. बाबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "चला, आता तुम्ही स्वतःच दाखवा कुठे जेवायचं ते." नुनोने मान हलवली आणि पाण्याच्या कडेने चालू लागला.

खानावळ साधी होती. नदीला लागून मांडलेली टेबलं, त्यांवर कागदी अंथरणं, ती वाऱ्याने उडू नयेत म्हणून चिमटे. चालवणाऱ्या बाईंचं नाव दोना लुर्दिश. त्यांनी नुनोच्या गालाला गाल लावला, बाबांकडे पाहून मान लववली आणि काही न विचारता आत गेल्या. थोड्या वेळाने मोठी वाफाळती परात टेबलावर आली. लसूण, कोथिंबीर, आणि उकललेले शिंपले.

"तिसऱ्या," बाबा म्हणाले.

त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. नुनोने शिंपल्यांचा तो आमच्याकडचा शब्द म्हणून बघितला, चुकवला, आणि बाबांनी त्याला दोनदा म्हणायला लावला. मग तिसऱ्यांचं सुकं कसं करतात ते बाबा सांगू लागले. शिंपल्याची एक बाजू कशी ठेवायची, ओलं खोबरं किती, आमसूल कधी टाकायचं, पाणी का घालायचं नाही. हात हलवत, थांबत, मुद्दा पटला का हे बघत. नुनो मध्येमध्ये प्रश्न विचारत होता आणि प्रश्न चांगले होते. मी खुर्चीत जरा सैल बसले. मला वाटलं, झालं, एवढंच होतं.

बाबांनी लिंबाची फोड उचलून परातीवर पिळली. एक शिंपला घेतला, ओठांना लावला आणि आतला रस ओढून घेतला.

त्यांचा हात तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं काही हललं नाही, फक्त डोळे बंद झाले. मग त्यांनी तो शिंपला अगदी हलक्या हाताने ताटलीत ठेवला, उठले, आणि नदीच्या कठड्याकडे चालत गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मला भयंकर राग आला. नुनोला काही न बोलता मी त्यांच्या मागे गेले.

"बाबा, आता पुरे झालं. तो माणूस आठवडाभर तुमच्यासाठी डोकं खाजवतोय. तिसऱ्यांत काय खोट काढणार तुम्ही? सांगा ना, काय खारट आहे, काय आंबट आहे..."

ते वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडावर रुमाल दाबून धरला होता आणि रुमालाला लाल डाग होता.

मी त्यांचा रुमालाचा हात धरला.

"दाखवा," मी म्हटलं.

बाबांनी रुमाल खाली घेतला आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं. ऊन थेट आत पडत होतं. जिभेच्या उजव्या कडेला सुपारीएवढी गाठ होती, वरून चिरलेली, पांढरट, मध्ये लाल. मी एकदाच पाहिलं.

"कधीपासून?"

"शिमग्याला लक्षात आलं. तंबाखू त्याच दिवशी सोडली. तिने काही मला सोडलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कापायची. उजवीकडची अर्धी जीभ. मग मनगटाजवळचं मांस काढून तिथे शिवणार." एखादं कलम वाचून दाखवावं तसं त्यांनी सांगितलं.

"कधी?"

"तारीख दिली होती."

"कुठली?"

"ज्या दिवशी तुझ्याकडे उतरलो ती."

आमच्या मागे कोणत्या तरी टेबलावर लोक मोठ्याने हसले. मी कठडा धरला.

"ऑपरेशन करायचं नाही असं ठरवूनच मी घरून निघालो," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला सांगितलं, आधी निवूकडे जाऊन येतो, मग बघू. पण बघायचं काही नव्हतं. अर्धी जीभ घेऊन मी कोर्टात काय करू? हातवारे? चाळीस वर्षं या जिभेवर जगलो. बोललो आणि जेवलो, दुसरं काय केलं मी? आहे तेवढे दिवस धड बोलेन, धड जेवेन. म्हटलं, सुरुवात चांगल्या ठिकाणापासून करू."

मी वाद घातला. मी शास्त्रातलं बोलले, आईबद्दल बोलले, माझ्याबद्दल बोलले. त्यांनी एकेक मुद्दा खोडून काढला. आवाज न चढवता, दुखऱ्या तोंडाने, एका बाजूने बोलत. मी त्यांच्याशी वादात कधीच जिंकले नव्हते आणि तिथेही हरत होते. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुम्ही जेवताय कुठे, बाबा?"

ते पाण्याकडे वळले. एक फेरीबोट मधोमध आली होती, तिच्या मागे पांढरा फेस लांबत होता.

"प्रत्येक हॉटेलात शिरताना वाटतं, इथलं नाही दुखणार," ते म्हणाले. "खिडकीतून बघतो, लोक खात असतात. वाटतं, हे मऊ दिसतंय, हे जमेल. पहिला घास ठेवला की वीज चमकते डोक्यात. मग वाटतं, पुढच्या ठिकाणी असेल." त्यांनी रुमालाची घडी बदलली. "सगळं चांगलं होतं गो बाय. कालचो मासो खारट नाय होतो. मीठ एकदम बेताचा होता."

इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच मालवणीत बोलले होते.

आम्ही टेबलाशी परत आलो तेव्हा तिसऱ्यांची परात तिथे नव्हती. नुनो एकटाच बसला होता. त्याने मला विचारलं, "तोंडात दुखतं का त्यांच्या? ते एकाच बाजूने चावत होते." मी हो म्हटलं. "मला तसंच वाटलं," तो म्हणाला. "मी आत जाऊन सांगून आलोय."

दोना लुर्दिश स्वतः वाडगा घेऊन आल्या. करड्या-पिवळ्या रंगाचं, घट्टसर, वर एक अंडं फोडलेलं. त्यांनी बाबांसमोरच ते चमच्याने ढवळलं, आपल्या मनगटावर एक थेंब टाकून बघितला, आणि वाडगा पुढे सरकवला. लसूण उकडून काढून टाकली होती, असं त्यांनी मला सांगितलं. लिंबू नाही, मिरी नाही.

बाबांनी संशयाने चमचा भरला. डाव्या गालात घेतला. थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी दुसरा चमचा घेतला.

"हे काय आहे?"

"असोर्दा," नुनो म्हणाला. "शिळा पाव पाण्यात भिजवून शिजवायचा. थोडं तेल, कोथिंबीर, अंडं. गरिबांचं जेवण. माझी आजी करायची."

"पेज आहे ही," बाबा मला म्हणाले.

ते सावकाश खात होते. मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा चमचा भरायचे. दुखत होतंच. पण वाडगा ते सोडत नव्हते. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्यांचं जेवण चाललं असताना कोणी बोलायचं नसतं. नुनोला ते सांगावं लागलं नाही. शेवटी त्यांनी वाडगा तिरका करून कडेचंही घेतलं.

"तुझ्या आईने हेच करून दिलं होतं," ते म्हणाले. "पेज, मऊ भात. रोज. मी वाटी ढकलून दिली. म्हटलं, आजाऱ्याचं जेवण मी जेवणार नाही."

मग ते खुर्चीत ताठ बसले आणि मला म्हणाले, "तू सायन्सवाली. मनगटाच्या मांसाची जीभ केली तर तिला चव कळते?"

"उरलेली अर्धी आपली असेल ना, तिला कळत असणार."

"असणार म्हणजे? माहीत आहे, की अंदाज आहे?"

"माहीत नाही."

"मग तसं सांग. साक्षीदाराने अंदाज सांगायचा नसतो." त्यांनी नुनोकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"मलाही माहीत नाही," नुनो म्हणाला.

"बोलता येतं?"

"माहीत नाही, बाबा. डॉक्टरांना विचारू."

"मी विचारलंच नाही त्यांना," बाबा म्हणाले. "कापायची म्हटल्यावर मी उठून आलो. खुर्ची मागे सारली आणि आलो." त्यांनी टेबलावरचा कागद तळहाताने सपाट केला. "तिकीट बदल माझं."

"कधीचं करू?"

"आधीचं जे मिळेल ते."

परतीच्या बोटीतही ते बसले नाहीत. आईला फोन लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मला मधले मधले शब्द ऐकू आले. "जेवलो... हो, पोटभर... पेज. हय पण पेज करतत." मग बराच वेळ ते फोन कानाला लावून नुसते उभे राहिले. पलीकडून आई काय बोलत होती, की काहीच बोलत नव्हती, ते मला कळलं नाही.

मी त्यांच्याबरोबर भारतात आले. मुंबईच्या डॉक्टरांनी नवी तारीख दिली, आणि उशीर केल्याबद्दल बाबांना असं झापलं की त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा दिवसभर बोलत होते. जुन्या पक्षकारांना फोन, ज्युनिअरला सूचना, भावाशी जमिनीवरून जुनं भांडण. औषध द्यायला आलेल्या नर्सलाही त्यांनी तिसऱ्यांचं सुकं समजावून सांगितलं. ती केरळची होती आणि त्यांच्यात खोबऱ्यावरून मतभेद झाले. आई कोपऱ्यात बसून होती. तिने त्यांना एकदाही गप्प बसायला सांगितलं नाही.

पुढे बाबा नऊ वर्षं जगले. चव कळत होती, पण निम्मी, आणि किरणांच्या उपचारानंतर तोंड सतत कोरडं पडायचं. मासे आई वाटून द्यायची. सुरुवातीला ते मिक्सरचा आवाज आला की खोलीबाहेर जायचे. मग हळूहळू जेवणाला नावं ठेवायला लागले, तेव्हा आईने मला फोन करून सांगितलं की आता काळजी नको. बोलणं मात्र फार अवघड गेलं. ल, र, ट सगळे एकमेकांत मिसळायचे. रोज सकाळी पडवीत बसून एकच ओळ ते शंभरदा म्हणायचे. आईला सगळं समजायचं. मला फोनवर निम्मं समजायचं आणि निम्म्याला मी हो म्हणायचे, आणि ते त्यांना बरोबर कळायचं.

ऑपरेशननंतरच्या वर्षी एप्रिलात मी नुनोला घेऊन कुडाळला गेले. त्याच आठवड्यात बाबांनी ठरवलं होतं की एका दाव्यात युक्तिवाद स्वतः करायचा. मोठं काही नव्हतं, दोन शेजाऱ्यांमधल्या वाटेच्या हक्काचा दावा. ज्युनिअर म्हणाला, मी उभा राहतो, तुम्ही शेजारी बसा. बाबांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं.

आई, नुनो आणि मी मागच्या बाकावर बसलो. कोर्ट भरलेलं होतं, उकाडा भयंकर होता, आणि वरचे जुने पंखे खडखडत होते. बाबा उभे राहिले. पहिलं वाक्य बोलले. समोरच्या वकिलाने कानामागे हात नेला. न्यायाधीश नव्या होत्या, तरुण होत्या. त्या पुढे वाकल्या.

"परुळेकर साहेब, जरा मोठ्याने."

बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांना त्याहून मोठ्याने येत नव्हतं. आईने माझा हात धरला होता आणि तिची नखं रुतत होती. कोर्टात कोणीतरी खोकलं.

न्यायाधीशबाईंनी वर पंख्याकडे पाहिलं, मग शिपायाला बोलावलं आणि पंखे बंद करायला सांगितले. एकेक पंखा फिरत फिरत थांबला. तेवढी माणसं त्या खोलीत घामाने निथळत बसली होती आणि इतकी शांतता होती की बाहेर झाडावरचा कावळा ऐकू येत होता.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला, काळा कोट खाली ओढून नीट केला आणि पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. त्यांचं संपेपर्यंत कोणीही जागेवरून उठलं नाही.